मिनी ट्रॅक्टरची मागची जोडणी: साधी पिन, टेलिस्कोपिक हात की क्विक कपलर?

अठरा ते अठ्ठावीस एचपीच्या ट्रॅक्टरला अवजार जोडताना एकच तक्रार सगळीकडे ऐकू येते. डावी लोअर लिंक (ट्रॅक्टरच्या मागचा खालचा हात) बसते, उजवी बोटभर मागे राहते. मग पहार घालायची, ट्रॅक्टर टिचभर हलवायचा, कुणाला तरी हाक मारायची. अशा वेळी कोणीतरी क्विक कपलर, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये बसणारी झटपट जोडणीची चौकट, सुचवतं, कारण तो दिसायला सुटसुटीत असतो आणि विकणारा दोन मिनिटांत रिकामी पंजी (फणांचं कल्टिव्हेटर) उचलून दाखवतो.

आमचं मत आधीच सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या बहुतेक मिनी ट्रॅक्टरवाल्यांनी पहिला पैसा टर्नबकल स्टॅबिलायझरवर (लोअर लिंक बाजूला हलू न देणारा, फिरवून लांबी जुळवता येणारा दांडा) घालावा आणि दुसरा टेलिस्कोपिक, म्हणजे टोक बाहेर सरकणाऱ्या लोअर लिंकवर. कपलरचा नंबर त्यानंतर, आणि तोही दिवसातून दोन-तीनदा अवजार बदलावं लागत असेल तरच. का, ते पुढे आलं आहे.

आधी टेप लावा

पर्याय निवडण्याआधी तुमच्याकडची जोडणी कोणत्या कॅटेगरीची, म्हणजे कोणत्या ठरलेल्या मापाची आहे ते मोजून घ्या. कॅटेगरी १ मध्ये लोअर लिंकची पिन २२ मिमीची, टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) १९ मिमीची आणि दोन्ही लोअर पिनांच्या खांद्यांमधलं अंतर ६८३ मिमी असतं. कॅटेगरी २ मध्ये लोअर पिन २८ मिमीची, टॉप पिन २५ मिमीची आणि अंतर ८२५ मिमीच्या आसपास जातं. उसाच्या सरीतून चालणाऱ्या अगदी अरुंद ट्रॅक्टरचे हात कॅटेगरी १ पेक्षाही जवळ असतात. त्यांना बाजारातलं सरसकट अवजार बसत नाही.

गोंधळ होतो तो जुनी अवजारं घेताना. मोठ्या ट्रॅक्टरची २८ मिमी पिनची पंजी स्वस्तात मिळाली म्हणून आणायची आणि पिन घासून बारीक करायची, हा उद्योग करू नका. पिन बोल्टने बसवलेली असेल तर ती काढून २२ ची बसवा. उलट प्रसंग, म्हणजे लिंकच्या टोकातला भोकाचा बॉल २८ चा आणि पिन २२ ची, हा सोपा आहे. रिड्युसर बुश (भोक लहान करणारी नळी) घातला की झालं. बुश न घालता चालवलं तर पिन बॉलमध्ये आपटत राहते आणि बॉलचं भोक लंबगोल होतं. पिनच्या जागी साधा नट-बोल्टही नको, कारण त्याचे आटे बॉल खातात आणि बोल्ट आट्याच्या खाचेतच तुटतो.

तिन्ही पर्याय समोरासमोर

| मुद्दा | साधी पिन | टेलिस्कोपिक हात | क्विक कपलर |
|---|---|---|---|
| एकट्याने जोडणं | अवघड, पहार लागते | सोपं | सर्वात सोपं |
| वाढणारं वजन | काही नाही | किरकोळ | साधारण २५ ते ४० किलो |
| अवजार मागे सरकणं | नाही | नाही | १० ते १२ सेंमी |
| जुनी अवजारं | चालतात | चालतात | बुश आणि मास्ट (अवजारावरचा टॉप लिंकचा उभा खांब) जुळवावे लागतात |
| पीटीओ शाफ्ट (इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) जोडणं | हाताने | हाताने | हाताने, बहुधा लांब शाफ्टही लागतो |

तक्त्यातली शेवटची ओळ दुकानात कोणी वाचून दाखवत नाही. कपलर फक्त तीन बिंदू पकडतो. रोटाव्हेटर, ब्लोअर किंवा ग्रास कटर लावायचा असेल तर शाफ्टसाठी खाली उतरावं लागतंच. रोटाव्हेटर जोडण्यातला निम्मा त्रास शाफ्टचा असतो, म्हणजे कपलरचा निम्मा फायदा तिथेच संपला.

टेलिस्कोपिक हाताची करामत साधी आहे. खटका दाबला की लोअर लिंकचं टोक दहाएक सेंटिमीटर बाहेर सरकतं आणि थोडं डावं-उजवंही फिरतं. दोन्ही टोकं अवजाराच्या पिनांवर घालायची, लिंच पिन (हात निसटू न देणारी खिळी) लावायची आणि ट्रॅक्टर सावकाश मागे घ्यायचा. खटके 'कट्' आवाज करून आपोआप बसतात. दोन्ही बसले का, ते उतरून डोळ्यांनी बघा. एकच बसला असेल तर उचलल्यावर अवजार तिरकं राहतं, आणि पहिल्या बांधावर दुसरा हात धक्क्याने आत जातो. मुळशी-मावळात चिखलणी करणाऱ्यांना हा पर्याय तितका सोयीचा नाही, कारण खटक्यात चिखल भरून वाळतो आणि पुढच्या वेळी हातोडी लागते. तिथे साधी पिनच बरी.

हे हात काही मॉडेलला कंपनीकडूनच येतात. नसतील तर लांबी आणि वाक जुळणारी पूर्ण जोडी बदला. आहे त्या लिंकचं टोक कापून नवं टोक वेल्ड करून देणारे भेटतील, पण लोअर लिंक फोर्जिंगची आणि उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. वेल्डिंगच्या बाजूचा भाग ठिसूळ होतो आणि भार आला की तिथेच मोडतो.

कपलरचे दोन प्रकार मिळतात. हुकवाल्या चौकटीत तीन हुक ठरावीक अंतरावर असतात. प्रमाणित कॅटेगरी १ कपलरमध्ये वरचा हुक खालच्या दोन हुकांच्या रेषेपासून ३८१ मिमी उंचीवर येतो. साध्या पिन जोडणीच्या अवजाराचा मास्ट मात्र ४६० मिमीच्या आसपास असतो, आणि गावठी वर्कशॉपच्या अवजारात तो मनाला येईल तेवढा. म्हणून वरचा हुक खाली-वर सरकवता येणाराच कपलर बघा, नाहीतर प्रत्येक मास्टला नवं भोक पाडावं लागेल. खालच्या हुकात २२ ची पिन खुळखुळते, तिच्यावर सुमारे ३६.५ मिमी बाहेरच्या व्यासाचा बुश चढवावा लागतो. पाच अवजारं म्हणजे दहा बुश. 'ए' आकाराच्या कपलरमध्ये ट्रॅक्टरवरचा त्रिकोण अवजारावरच्या त्रिकोणात खालून शिरतो. तो जागा कमी खातो, पण प्रत्येक अवजारावर जुळणारा त्रिकोण बसवावा लागतो.

भोसरीच्या वर्कशॉपमधून बनवून घेण्यात काही गैर नाही. फक्त दोन्ही खालचे हुक एकाच रेषेत आणि एकाच उंचीवर आहेत ना, हे चौकट सपाट टेबलावर ठेवून तपासा. तीन मिलिमीटरचा फरकही अवजार कायम एका बाजूला झुकवतो, आणि मग दोष लेव्हलिंग रॉडला (उजवी लोअर लिंक वर-खाली जुळवणाऱ्या दांड्याला) दिला जातो.

वजनाचा हिशेब, जो कपलरवाला सांगत नाही

मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट मुळात मर्यादित. माहितीपत्रकाप्रमाणे महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा बी २४४१ यांची क्षमता ७५० किलो, जॉन डिअर ३०२८ ईएनची ९१० किलो, व्हीएसटी एमटी १८० डीची ५०० किलो. हा आकडा लोअर लिंकच्या टोकाशी असतो. टोकापासून ६१० मिमी मागे मोजला की तो खाली येतो, आणि अवजाराचं वजन तर मागेच असतं.

पण लिफ्ट कमी पडण्याआधी पुढची चाकं हलकी होतात. समजा ट्रॅक्टर ७०० किलोचा, त्यातले ३०० किलो पुढच्या एक्सलवर, व्हीलबेस १.५५ मीटर. लिंकची टोकं मागच्या एक्सलपासून ०.७५ मीटर मागे. रोटाव्हेटर २५० किलोचा आणि त्याचा भारमध्य टोकांपासून ०.४५ मीटरवर. उचलल्यावर पुढच्या एक्सलवरून २५० × १.२० ÷ १.५५ म्हणजे जवळपास १९४ किलो कमी होतात, उरतात १०६. स्टिअरिंग हातात राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के पुढे हवेत, म्हणजे १४०. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे लावलेलं प्रत्येक किलो वजन तिथे १.३२ किलोचं काम करतं. म्हणून साधारण २६ किलोची वजनं पुढे लावली की भागलं.

आता मध्ये ३० किलोचा कपलर घाला. रोटाव्हेटर ११ सेंमी मागे गेला. पुढे उरले ७३ किलो, आणि लावावी लागणारी वजनं ५१ किलो, जवळजवळ दुप्पट. मोठ्या ट्रॅक्टरला हा फरक जाणवतही नाही. चोवीस एचपीच्या ट्रॅक्टरला बांध ओलांडताना पुढचं उचलण्याइतका तो पुरतो. दिवे घाटासारख्या चढावर उचललेलं अवजार घेऊन जाणाऱ्याने तर हा हिशेब आपल्या ट्रॅक्टरचे आकडे घालून एकदा मांडावाच.

साखळी की टर्नबकल

जोडणीतली सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच. लोअर लिंकला बाजूने धरणारी साखळी ट्रॅक्टरसोबत येते, आणि पंजी-नांगरासाठी ती पुरेशी आहे. किंबहुना तिथे थोडी ढील हवीच. अवजार जमिनीत असताना दोन्ही बाजूंना चारेक सेंमी हलायला जागा ठेवली की वळणावर ते आपोआप ट्रॅक्टरच्या मागे रेषेत येतं. साखळ्या ताणून ठेवल्या तर स्टिअरिंग जड लागतं आणि ब्रॅकेटचे बोल्ट सैल होतात.

रोटाव्हेटर, सरी रेझर, पेरणी यंत्र आणि फवारणीचा ब्लोअर यांना मात्र ही ढील परवडत नाही. बारामती-दौंडकडे साडेचार-पाच फुटी सरीत उसाची बांधणी करताना रेझर पाच सेंमी सरकला तर एका ओळीच्या मुळ्या तुटतात आणि दुसऱ्या ओळीला माती लागत नाही. नारायणगावच्या द्राक्षबागेत तेच पाच सेंमी ठिबकच्या नळीवर निघतात. इथे टर्नबकल स्टॅबिलायझर लागतो, आणि त्याची जोडी कपलरच्या मानाने अगदी स्वस्त पडते.

बसवताना एक अडचण नक्की येते. स्टॅबिलायझरचा पुढचा बिंदू आणि लोअर लिंकचा पुढचा बिंदू एकाच अक्षावर नसेल, तर हात वर जाताना स्टॅबिलायझरला हवी असलेली लांबी बदलते. जमिनीवर घट्ट केलेला टर्नबकल मग वर जाताना ब्रॅकेट वाकवतो. म्हणून आधी अवजार मध्यावर आणा: दोन्ही टायरपासून लोअर लिंकपर्यंतचं अंतर टेपने सारखं करा. मग काम करताना हात ज्या उंचीवर असतात तिथे दोन्ही टर्नबकल हाताने बसतील इतके फिरवा. आता इंजिन अगदी कमी वेगावर ठेवून सावकाश पूर्ण वर उचला. मध्येच ताण आला तर थांबा आणि एक-एक फेरा सैल करा. पूर्ण वर आणि पूर्ण खाली दोन्हीकडे एखादा सेंमी मोकळा राहिला की लॉक नट आवळा.

टॉप लिंक आणि शाफ्ट

टॉप लिंक आखूड केली की अवजाराचं तोंड खाली जातं, लांब केली की शेपूट खाली बसते. फळ जमिनीत शिरत नसेल तर दोन फेरे आखूड करा. नांगर तोंड खुपसून ट्रॅक्टरला दाबत असेल तर लांब करा. दोन्ही बाजूंचे आटे सारखेच बाहेर ठेवा. एका टोकाचे शेवटचे तीन-चारच आटे धरून राहिले तर झटक्यात निसटतात.

हायड्रॉलिक टॉप लिंकबद्दल अलीकडे विचारणा होते. पलटी नांगरवाल्याला आणि जमीन समतल करणाऱ्याला ती उपयोगी, पण ट्रॅक्टरला मागे डबल अॅक्टिंग (दोन्ही दिशांनी तेल देणारा) व्हॉल्व्ह हवा. बऱ्याच मिनी मॉडेलमध्ये तो नसतो आणि वेगळा बसवण्याचा खर्च लिंकपेक्षा जास्त होतो. रोटाव्हेटरसाठी तिची गरज नाही.

शाफ्टवर जास्त वेळ द्या. बहुतेक मिनी ट्रॅक्टरचा पीटीओ ५४० फेऱ्यांचा, ३५ मिमीचा, सहा दातांचा असतो. रोटाव्हेटर कामाच्या खोलीवर असताना ट्रॅक्टरचा पीटीओ आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत. मग दोन्ही टोकांच्या क्रॉसला (वळणाऱ्या सांध्याला) सारखा कोन येतो आणि धडधड थांबते. ही समांतरता टॉप लिंकनेच साधते. शाफ्टचे आतले दोन्ही काटे एका रेषेत आहेत ना हेही बघा. ग्रीस करायला उघडलेला शाफ्ट परत घालताना एक काटा फिरून बसतो, आणि आठवड्यात क्रॉस जातो.

लांबी तपासताना अवजार सावकाश वर-खाली करून शाफ्ट सर्वात आखूड कुठे होतो ते शोधा. तिथे नळीच्या तळापर्यंत किमान २५ मिमी जागा उरायला हवी. सर्वात लांब असतानाही नळ्या एकमेकांत किमान एक तृतीयांश राहायला हव्यात. आखूड करायचा झाला तर आतली नळी, बाहेरची नळी आणि त्यांची संरक्षक आवरणं सारख्याच मापाने कापा. कडेचे बुरे घासा, ग्रीस लावा. कपलर लावल्यावर अवजार मागे सरकतं, म्हणून आधी कापलेला शाफ्ट आता तोकडा पडतो. कपलरचा खर्च धरताना नवा शाफ्टही धरा.

चालू पीटीओवर रोटाव्हेटर पाती सुटतील इतकाच उचलायचा. पोझिशन लिव्हरचा स्टॉपर त्या उंचीला बांधून ठेवा. बांधावर वळताना पीटीओ बंद. शाफ्टला हात लावायचा तर इंजिन बंद आणि किल्ली खिशात.

अवजारागणिक

क्रम सर्वांना एकच: सपाट जागा, डावी लोअर लिंक, मग उजवी, मग टॉप लिंक, शेवटी शाफ्ट. उजव्या लिफ्ट रॉडला लेव्हलिंगचा हँडल असतो म्हणून ती बाजू नंतर जुळवणं सोपं जातं. काढताना उलट्या क्रमाने.

*रोटाव्हेटर:* पोझिशन कंट्रोलवर (हात ठरवलेल्या उंचीवर धरणारी सेटिंग). दोन्ही लोअर लिंक जमिनीपासून सारख्या उंचीवर. २४-२७ एचपीला साडेतीन ते चार फुटी पुरे. मागच्या टायरचा माग झाकला जाईल एवढी रुंदी हवी. वाफसा नसताना काळ्या जमिनीत घातला तर ढेकळं आणि पात्यांत गुंडाळलेली माती, सेटिंग कितीही अचूक असो.

*पंजी:* पाच फणी. पुढच्या आणि मागच्या रांगेचे फण सारखे शिरेपर्यंत टॉप लिंक फिरवा. ड्राफ्ट कंट्रोल (ओढ वाढली की अवजार आपोआप उचलणारी सेटिंग) असेल तर त्यावर. पुरंदरच्या मुरमाड रानात खडक लागतो, तिथे स्प्रिंगच्या फणांशिवाय जाऊ नका.

*नांगर:* साध्या नांगराला पहिल्या तासानंतर उजवं चाक तासात उतरतं, म्हणून उजवा लिफ्ट रॉड आखूड करून नांगर समतल करावा लागतो. पलटी नांगराला हे करायचं नाही. त्यात कधी उजवं, कधी डावं चाक तासात जातं. दोन्ही रॉड सारखे ठेवायचे आणि तिरकेपणा नांगरावरच्या स्टॉप बोल्टने काढायचा. उजवा रॉड आखूड ठेवलेला पलटी नांगर एका फेरीला खोल आणि परतीला उथळ जातो, आणि लोक फाळ बदलत बसतात.

*ट्रॉली:* तिन्ही पर्यायांशी तिचा संबंध नाही. ती ड्रॉबारला, खाली. टॉप लिंकच्या ब्रॅकेटला किंवा उचललेल्या लोअर लिंकला दोरखंड बांधून ओढणं म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटवण्याची तयारी.

मग घ्यायचं काय

बागायतदाराकडे रोटाव्हेटर आणि ब्लोअर एवढंच असेल, तर टर्नबकल आणि टेलिस्कोपिक हात, कपलर नको. भातवाल्याला साधी पिन, चांगल्या लिंच पिना आणि दोन जादा बॉल. उसात बांधणी करणाऱ्याला टर्नबकल, बाकी काही नसलं तरी चालेल. खेड-चाकणकडे कांदा, बटाटा, भाजीपाला करणारा किंवा भाड्याने कामं घेणारा सकाळी पंजी, दुपारी रेझर, संध्याकाळी बॉक्स ब्लेड (माती ओढून सपाट करणारी पेटी) असं बदलत असेल, आणि त्यातली बहुतेक अवजारं पीटीओविना चालणारी असतील, तर कपलर वसूल होतो. पुढची वजनं मात्र त्याच बिलात घ्यावीत.

डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात यातलं बरंच काही एका छताखाली बघायला मिळतं. जाताना टेप, आपल्या सर्व अवजारांच्या मास्टची उंची आणि पिनांमधलं अंतर लिहिलेला कागद सोबत ठेवा. कपलर घ्यायचाच ठरला तर विकणाऱ्याला आपल्या ट्रॅक्टरवर, आपल्या सर्वात जड अवजारासकट तो लावून दाखवायला सांगा. इंजिन बंद करून शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून बघा, तो चौकटीला कुठे घासतो का. मग अवजार पूर्ण उचलून स्टिअरिंग दोन्हीकडे वळवा. पुढची चाकं वळूनही ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहत असेल, तर आधी वजनं, मग पैसे.